सभापती महोदय, आईच्या वतीने आपले आभार

आदरणीय पागेसाहेब,
साष्टांग नमस्कार.

माझ्या पगारपत्रकात कपातीच्या रकान्यात दर महिन्याला एक ओळ असते : व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. शाळेत नवीन लागलेल्या बाई मला विचारत होत्या, हा कसला हो कर? रोजगार हमी योजनेसाठी लावलेला, असं त्यांना सांगता सांगता मधली सुट्टी संपली आणि मला जाणवलं, की त्या योजनेची कल्पना ज्यांची, त्या आपल्याला मी कधीच काही लिहिलं नाही. आपण हयात असताना हे पत्र लिहायला हवं होतं. तेव्हा मला आपलं नावही माहीत नव्हतं. म्हणून आज जाहीरपणे लिहिते आहे.

मी माणदेशातली. जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. आमच्याकडे "बहात्तरची" एवढं म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. मी चार-पाच महिन्यांची असताना आई तलावाच्या कामावर जायला लागली. बांधाच्या कडेला एक बाभूळ होती, तिच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधून मला त्यात टाकायची आणि चौकडी खणायला उतरायची. चौकडी म्हणजे ठरलेल्या लांबी-रुंदीचा खड्डा. मधोमध मातीचा एक खुंट न खणता तसाच राखायचा, म्हणजे आधी जमीन कुठवर होती ते मोजणाऱ्याला कळतं. मोजमापानंच पैसे, त्यामुळे त्या खुंटाला सगळ्या बायका जपायच्या. एकदा कुणाच्या तरी पायानं आईच्या चौकडीतला खुंट ढासळला. तेव्हा दिवसभराची मेहनत कशी दाखवायची म्हणून ती खड्ड्यातच रडत बसली होती. पन्नास वर्षं झाली, अजून तो खुंट ती हातानं करून दाखवते. एवढा उंच होता, वर थोडं गवत होतं.

दुपारी सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना फाटायची, असं आई सांगते. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. कुणी खडी फोडत होतं, कुणी रस्ता करत होतं, कुणी तलावावर माती टाकत होतं. आमच्या घरातली तीन होती, आई, आजी आणि धाकटी आत्या. वडील मुंबईला हमालीला गेले होते आणि त्यांचे पैसे कधी यायचे, कधी नाही.

मग पाऊस आला आणि दुष्काळी कामं बंद झाली. रीत तशीच होती. इंग्रजांच्या वेळच्या नियमांपासून चालत आलेली. पिकांची आणेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा अंदाज, बघायची, सरकारनं टंचाई जाहीर करायची, मग कामं काढायची. टंचाई उठली की कामं बंद. जिच्याकडे दीड एकर माळरान आहे तिला पाऊस पडला तरी चैत्र-वैशाखात हाताला काम नसतं, ही गोष्ट आणेवारीच्या कागदात कुठंच बसत नव्हती. एखाद्या घरात दुष्काळ आहे की नाही हे ठरवायचा अधिकार त्या घराला नव्हता.

साहेब, आपण नेमकं इथं बोट ठेवलंत. दुष्काळ पडो न पडो, जो अंगमेहनत करायला तयार आहे आणि काम मागायला येतो त्याला काम मिळालं पाहिजे. मागेल त्याला काम. साठच्या दशकात आपण हे लिहून, बोलून, मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या मागे लागून सांगत होता. आपल्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्याचा प्रयोगही झाला. विसापूर आमच्यापासून फार लांब नाही. तिथली जमीन आणि आमची जमीन सारखीच, म्हणून मला वाटतं की ही कल्पना तिथंच सुचू शकत होती. जिथं पाटाचं पाणी आहे तिथल्या माणसाला कदाचित सुचली नसती.

आपलं पद काय होतं हे कळलं तेव्हा मला जास्त आश्चर्य वाटलं. मला वाटायचं रोजगार हमी कुणा मंत्र्यानं आणली असणार. आपण मंत्री नव्हता. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं, त्याच वर्षी आपण विधान परिषदेचे सभापती झालात आणि १९७८ पर्यंत त्या खुर्चीवर होता. अठरा वर्षं! विधानसभेत अध्यक्ष, परिषदेत सभापती, एवढा फरक मी मुलांना शिकवते. हेही शिकवते की सभापतीनं वादात पडायचं नसतं. सगळ्यांचं ऐकायचं, कोण आधी बोलेल ते ठरवायचं, नियम सांगायचा. मतसुद्धा दोन्ही बाजूंची मतं समान झाली तरच द्यायचं. सभागृहात सगळ्यात उंच आसन आणि सगळ्यात कमी बोलायची मुभा. अशा जागी बसलेल्या माणसाजवळ ना खातं, ना निधी. तरी आपण एक कल्पना धरलीत आणि सोडली नाहीत. सत्तेतले आणि विरोधातले दोघेही ज्यांचं ऐकतील अशी माणसं थोडी असतात. आपल्या खुर्चीनं आपल्याला गप्प बसवलं असेल, पण त्याच खुर्चीनं दोन्ही बाकांचा विश्वास मिळवून दिला, असं मला वाटतं. १९७७ मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम दोन्ही सभागृहांत एकमतानं मंजूर झाला. परिषदेचे सभापती तेव्हा आपणच होता.

राष्ट्रपतींची संमती येऊन कायदा अमलात आला तो २६ जानेवारी १९७९ ला. तोपर्यंत आपली कारकीर्द संपून काही महिने झाले होते. हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पुढं वाटलं, आपल्याला त्याचं काही वाटलं नसेल.

आणि पैशाची सोय! योजना जाहीर करून कुणीही मोकळा होतो. इथं १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला, म्हणजे शहरातल्या, पगारदार, धंदेवाईक माणसाच्या मिळकतीतून थोडं थोडं घ्यायचं आणि ते खेड्यातल्या कामासाठी वापरायचं. आणखीही काही कर आणि अधिभार होते. त्यातून जेवढं जमेल तेवढंच सरकारनं स्वतःचं घालायचं. म्हणजे मुंबईतल्या कुठल्या तरी कचेरीतल्या, आमचं गाव कधी न पाहिलेल्या कारकुनानं माझ्या आईच्या चौकडीचे पैसे दिले. त्या सगळ्यांचेही आभार मी आपल्यापाशीच मानते, कारण त्यांची नावं मला कधी कळणार नाहीत.

आता मूळ गोष्ट सांगते.

१९८४ चा उन्हाळा. मी बारा वर्षांची. वडील आजारी होऊन गावी परतले होते, घरात औषधाला पैसा नव्हता. टंचाई जाहीर झालेली नव्हती. आईनं कुठून तरी ऐकलं होतं की आता मागितलं की काम द्यावं लागतं, पण मागणारे पन्नास तरी पाहिजेत. तिनं पदर खोचला आणि वस्त्या पालथ्या घातल्या. तीन दिवसांत पन्नास नावं जमली, त्यात चाळीसच्या वर बायका. लिहिता येणारं माणूस कोण, तर मी. आमच्या ओट्यावर कंदिलाखाली बसून मी कागद भरले. नमुना ४, म्हणजे काम मागायचा अर्ज. नाव, वय, गाव, कधीपासून काम पाहिजे. एकेक बाई यायची, नाव सांगायची. वयाला अडायची. "बहात्तरला माझा थोरला रांगत होता, त्यावरनं काढ" असं सांगायची. मग शाईच्या पॅडवर अंगठा. पॅड वाळलं तेव्हा आईनं त्यात दोन थेंब पाणी टाकलं. मी आयुष्यात कुणासाठी पहिल्यांदा काही लिहिलं असेल तर ते हेच.

दुसऱ्या दिवशी सगळ्या चालत कचेरीत गेल्या. तिथल्या एका साहेबांनी कागद बघितले आणि म्हणाले, आता कामं नाहीत, पावसाळ्यानंतर या. बायका मागं फिरायला लागल्या. आई फिरली नाही. तिला कायद्याचं कलम माहीत नव्हतं, सालही माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "सायेब, आमी काय मागाय आलू न्हाई. कायदा हाय म्हनं. कागुद घ्या आन् घेतल्याची पावती द्या."

ते "मागाय आलू न्हाई" मी आजवर विसरलेले नाही. तिला म्हणायचं होतं की आम्ही भीक मागायला आलेलो नाही. सत्त्याहत्तर सालच्या त्या कायद्यानं माझ्या अक्षरशून्य आईच्या तोंडात हे वाक्य घातलं, साहेब. त्याआधी तिनं कुठल्याही साहेबासमोर मान वर केल्याचं मला आठवत नाही. पावती मिळाली. पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं, नाहीतर बेकार भत्ता, हे तिथल्याच एका वयस्कर शिपायानं दारापर्यंत सोडायला येऊन हळूच सांगितलं. अकराव्या दिवशी गावाच्या वरच्या ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं.

त्या कामावर आईला गड्याएवढेच पैसे मिळाले. कारण मोजमाप मातीचं होतं, माती बाईनं उपसली की गड्यानं हे टेप विचारत नाही. शेतावर तिला कायम निम्मा रोज मिळायचा. पहिला पगार हातात आला तेव्हा ती दोनदा मोजत बसली, कुणाचे चुकून जास्त तर आले नाहीत ना म्हणून. त्यातून वडिलांचं औषध आलं, माझी पाचशेपानी वही आली आणि आजीला चष्मा.

सगळं गोडच होतं असं मी लिहिणार नाही. पगार रखडायचे. कधी हजेरीच्या मस्टरवर नसलेल्या माणसांची नावं असायची आणि असलेल्यांची गळायची. मुकादम चांगला असला तर ठीक. कित्येक रस्ते पुढच्या पावसात वाहून गेले, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण "रोजगार हमी म्हणजे माती इकडची तिकडं" असं कुणी म्हणालं की मी त्यांना आमच्या तलावावर घेऊन जाते.

पाझर तलाव पाणी साठवायला नसतोच, मुरवायला असतो. डिसेंबरात तो आटलेला दिसला की परगावची माणसं म्हणतात, तलाव वाया गेला. तो वाया गेलेला नसतो, त्याचं पाणी खालच्या विहिरींत गेलेलं असतं. आमच्या खालच्या बाजूला सात विहिरी आहेत. १९९० नंतर रोजगार हमीतूनच फळबागांना पैसे मिळायला लागले तेव्हा त्यातल्या चार विहिरींवर डाळिंब लागलं. ज्या माळावर कुसळं सोडून काही येत नव्हतं तिथं मे महिन्यात हिरवी रांग दिसते. माझ्या भावाची दीडशे झाडं त्यात आहेत.

पुढं २००५ साली देशाचा रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा त्याच्यामागे महाराष्ट्राचा अनुभव होता. त्यात वर्षाला एका कुटुंबाला शंभर दिवसांची हमी होती. आपल्या कायद्यानं दिवसांना हद्दच घातली नव्हती. हे मला फार मोठं वाटतं. भूक दिवस मोजून लागत नाही, हे ज्यानं कायदा लिहिताना लक्षात ठेवलं तो माणूस गावातला होता, एवढं त्यावरून कळतं.

दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षणासाठी मुंबईला गेले होते. एक संध्याकाळ मोकळी मिळाली तेव्हा रीगल सिनेमाजवळचा जुना कौन्सिल हॉल शोधला, आपल्या वेळी विधिमंडळ भरायचं ती इमारत. आपली सगळी अठरा वर्षं नरिमन पॉइंटचं विधान भवन व्हायच्या आधीची, कारण ते सुरू झालं १९८१ मध्ये. जुन्या इमारतीत आता पोलिसांचं मुख्यालय आहे, त्यामुळे आत जाता आलं नाही. मूळची ती खलाशांसाठी बांधलेली वास्तू. समोरच्या फुटपाथवर मी दहा मिनिटं उभी होते. दगडी भिंत, उंच खिडक्या, गाड्यांचा गोंगाट. इथं आमच्या ओढ्याचं काही ठरलं असेल असं कुणाला खरं वाटणार नाही. मी वाकून भिंतीच्या दिशेनं नमस्कार केला. शेजारून जाणाऱ्या एका बाईंनी वळून पाहिलं, पाहू दे.

आता नागरिकशास्त्राच्या तासाला "सभापती" हा शब्द आला की मी फळ्यावर आपलं नाव लिहिते, विठ्ठल सखाराम पागे, आणि मुलांना खिडकीतून तलावाचा बांध दाखवते. शाळेतून तो दिसतो. मुलांमधल्या निम्म्यांच्या आज्या त्या बांधावर होत्या. गेल्या वर्षी एका मुलीनं घरी जाऊन विचारलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "बाई, तुम्ही भरलेल्या कागदात माझ्या आजीचा पण अंगठा हाय."

आई आता थकली आहे. बांधापर्यंत चालवत नाही. हे पत्र मी तिला वाचून दाखवलं. खुंटाची गोष्ट आली तेव्हा तिनं मला थांबवून उंची दुरुस्त केली. मग मी विचारलं, तुझ्याकडून काय लिहू? ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "त्यास्नी माझा रामराम लिही. आन् लिही, औंदा सातीबी हिरीस्नी पानी हाय."

आपली ऋणी,
माणदेशातली एक शिक्षिका