पाय धुण्याचा फोटो आणि पाय धुण्याचे काम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पवित्र गुरुवार, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदला दिवस, झाला की दुसऱ्या दिवशीच्या अंकात दर वर्षी एक छायाचित्र हमखास येते. बिशप किंवा एखादे फादर गुडघे टेकून बसलेले, कमरेला टॉवेल, समोर ओळीने बारा माणसे आणि चकचकीत घंगाळ. खाली ओळही ठरलेली: ‘नम्रतेचा संदेश’. छायाचित्राबद्दल आमची तक्रार नाही. पण ते पाहून ख्रिस्ती सेवा म्हणजे वर्षातून एकदा, दिव्यांच्या झगमगाटात करायची गोष्ट, असा वाचकांचा समज होतो. आणि खरे सांगायचे तर आमच्या माणसांचाही होतो. आम्ही धर्मग्रामातल्या (एका चर्चच्या परिसरातल्या मंडळीतल्या) आजारी-भेटीच्या कामातले कार्यकर्ते. पाय धुणे हे आमच्यासाठी नेहमीचे काम आहे, म्हणून हे पत्र.

आधी विधीविषयी थोडके. बायबलमधल्या योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले. धुळीच्या वाटा आणि उघड्या वहाणा अशा त्या काळात हे काम घरातल्या गुलामाचे. कॅथलिक चर्चमध्ये १९५५च्या सुधारणेनंतर हा विधी पवित्र गुरुवारच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, आला. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालसुधार तुरुंगात जाऊन तिथल्या मुलामुलींचे पाय धुतले, त्यांत एक मुस्लिम मुलगीही होती. आणि २०१६च्या आदेशाने स्त्रियांनाही या विधीत रीतसर जागा मिळाली. यावर वाद पुष्कळ झाले. पण विधीला बसणारा माणूस घरून पाय घासूनपुसूनच येतो, याची चर्चा कोणी केली नाही. त्यात त्याचा दोष नाही, सगळ्यांसमोर मळके पाय कोण पुढे करील? मुद्दा एवढाच की, ज्याचे पाय धुण्याची खरोखर गरज आहे तो त्या रांगेत नसतो.

तो असतो वस्तीच्या टोकाला, कुष्ठरोगातून बरा झालेला. औषध पूर्ण झालेले, जंतू मेलेले, त्याच्यापासून कोणाला काही होण्याची भीती नाही. पण घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्याकडे जाणारी नस एकदा गेली की सहसा परत येत नाही. तळवा बधिर राहतो, आणि शिवाय त्याला घामही येत नाही. घाम नाही म्हणून कातडी कोरडी पडते, कोरडी पडली की भेगा, भेगांतून जंतू, जंतूंतून हाडापर्यंत जाणारी जखम. कुष्ठरोगात बोटे झडून पडतात, हा समज डॉ. पॉल ब्रँड यांनी खोटा ठरवला. मिशनरी आईबापांचा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेला हा सर्जन १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती रुग्णालयात आला. त्याने दाखवून दिले की मांस आपणहून सडत नाही. वेदनाच होत नाही म्हणून माणूस तोच पाय पुन्हा पुन्हा टेकवतो, गरम भांडे तसेच धरून ठेवतो. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडत आणि त्या माणसाला जाग येत नसे. त्यावर ब्रँड यांचा उपाय होता रुग्णासोबत घरी मांजर देण्याचा. सेवेचा असा व्यवहारी विचार प्रवचनात क्वचितच ऐकायला मिळतो.

आता प्रत्यक्ष काम. रुग्णाला खुर्चीवर किंवा खाटेच्या कडेला बसवायचे, आपण खाली पाटावर. हे नम्रता दाखवण्यासाठी नाही, तळवा दुसऱ्या कोणत्याही उंचीवरून नीट दिसतच नाही म्हणून. पाणी लावण्याआधी पाहणी, कारण ओल्या कातडीवर बारीक भेग दिसत नाही. उजेड दाराकडून तळव्यावर पडेल असे बसावे. अंगठ्याच्या मुळाशी असलेला चवडा, करंगळीची बाजू, टाच, बोटांच्या बेचक्या असा क्रम ठेवला की काही सुटत नाही. मग हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पायांची तीच तीच जागा चाचपून पाहायची. एका पायाची जागा दुसऱ्यापेक्षा गरम लागली तर आत काहीतरी बिघडले आहे, वरून कातडी चांगली दिसत असली तरी. त्या पायावर चालणे त्या दिवसापासून कमी.

त्यानंतर उथळ टब किंवा घमेले, घोटे बुडतील एवढे साधे, गार पाणी, आणि वीस मिनिटे. गरम पाणी मुळीच नाही, मीठही नाही, जंतुनाशकही नाही. बधिर पायाला भाजल्याचे कळत नाही आणि मिठाने कातडी आणखी कोरडी पडते. ही वीस मिनिटे कार्यकर्त्याला जड जातात. हात रिकामे असतात, पुढचे घर वाट पाहत असते, आणि मग पाच मिनिटांत पाय बाहेर काढला जातो. पण घट्टा मऊ व्हायला तेवढा वेळ लागतोच. मऊ झाला की वजरीने हलक्या हाताने घासायचे, एकाच बैठकीत सगळा काढण्याचा हट्ट धरायचा नाही. ब्लेड कधीच नाही. घट्टा ठेवूनही चालत नाही, कारण चपलेत अडकलेल्या खड्यासारखा तो खालचे मांस आतून चेचत राहतो आणि वरून काही दिसत नाही. शेवटी पाणी नुसते टिपून, कातडी ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळायचे. कातडी पूर्ण वाळल्यावर तेल लावले तर नुसती चकाकी येते. भिजलेली कातडी पाणी धरून राहावी, हा तेलाचा उपयोग. बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या करायच्या, तिथे तेल नको.

हातमोजे घालायचे का, हा प्रश्न नवे लोक पहिल्यांदा विचारतात. उघडी जखम हाताळताना घालावेत, कोणाचीही जखम असली तरी. साध्या पाहणीसाठी आणि धुण्यासाठी नकोत. आधी व नंतर साबणाने हात धुतले की पुरे. बऱ्या झालेल्या माणसाचा पाय रबर घालून धरला, तर त्याला काय समजायचे ते तो समजतो.

सगळ्यात मोठा घोळ पुढच्या घरी होतो. तिथे मधुमेहाने बधिर झालेले पाय असतात, आणि कार्यकर्ता तेच घमेले घेऊन तीच पद्धत वापरतो. मधुमेहाचा पाय भिजत घालायचा नाही. कातडी फुगून मऊ पडते, बेचक्यांत ओल राहते, बुरशी धरते, आणि रक्तपुरवठा कमी असेल तर छोटी जखमही भरत नाही. कोमट पाणी आपल्या कोपराने पाहून घ्यावे, दोन-तीन मिनिटांत धुऊन, बोटाबोटांमध्ये मऊ कापडाने कोरडे करावे. नखे सरळ कापावीत, कडा खोल खणू नयेत. कुरूपावर औषधी पट्टी लावू नये, त्यातल्या आम्लाने बधिर कातडी जळते. घमेले आणि वजरी प्रत्येक घरची वेगळी ठेवावी.

जखम असेल तर आपली विद्या आवरती घ्यावी. हळद, राख, चुना नको. स्वच्छ पाणी, साबण, कोरडी पट्टी, आणि वास, सूज किंवा ताप असल्यास त्याच दिवशी दवाखाना. तळव्याची साधी जखम भरून येते ती मुख्यतः त्या पायावर चालणे बंद केल्याने. दुखत असते तर माणूस आपोआप लंगडला असता. दुखत नाही म्हणून पट्टी बांधून झाली की तो लगेच हंडा उचलायला उठतो. इथे आमच्या लोकांची परीक्षा होते. पट्टी सुबक बांधून प्रार्थना म्हणून निघून येणे सोपे. त्याचे दोन हंडे पाणी कोण भरणार, शेळी कोण सोडणार, रेशनच्या रांगेत कोण उभे राहणार, हे ठरवल्याशिवाय ‘आराम करा’ असे सांगण्याला काही अर्थ नाही. रेशनचा तर वेगळाच पेच. बोटेच झिजलेली, त्यामुळे यंत्रावर अंगठा लागत नाही आणि माणूस हात हलवत परत येतो. त्याच्या वतीने पुरवठा कार्यालयात अर्ज घेऊन जाणे, निराधार योजनेसाठी हयातीचा दाखला वेळेवर पोहोचवणे, ही कामे पाय धुण्याइतकीच खालची आणि पाय धुण्याहून कंटाळवाणी. त्यांचा फोटो निघत नाही.

चपलेविषयी बोलले नाही तर धुतलेले सगळे वाया जाते. बधिर पायाला एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा तळ असलेली चप्पल लागते. चिमटीत दाबला की तो तळ साधारण निम्मा दबतो आणि सोडला की परत येतो. येत नसेल तर चप्पल बदलायची. खालचा थर कडक हवा, काटा वर येऊ नये म्हणून. खिळा एकही नको. मागे टाचेला पट्टा हवाच, कारण चप्पल पायातून निसटली तरी बधिर पायाला ते कळत नाही. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तास घालून पाय तपासावा, मग वेळ वाढवावा. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून ती मिळते, आणि परतवाड्याजवळ कोठारा इथले लेप्रसी मिशनचे रुग्णालय, मिरजेचे रिचर्डसन रुग्णालय अशा ठिकाणी पायांची अशी काळजी शिकवणारी माणसे आहेत. उत्साही मंडळींनी बाजारातल्या जाड स्पंजच्या चपला वाटू नयेत. त्या पहिल्याच महिन्यात दबून सपाट होतात आणि देणाऱ्याला वाटत राहते की आपण दिले.

एवढे तंत्र सांगण्याचे कारण आहे. नम्रता हा मनाचा गुण आहे, मन साफ असले की झाले, असे आमच्याकडे फार बोलले जाते. मन साफ असलेल्या माणसाने गरम पाणी ओतून पाय भाजल्याची उदाहरणे प्रत्येक जुना परिचारक सांगेल. शिकून घ्यायला, सिस्टरकडून चूक काढून घ्यायला, तेच काम तशाच क्रमाने शंभरदा करायला जो तयार नाही, त्याने कितीही वाकून दाखवले तरी ते वाकणे स्वतःसाठीच.

अहंकार शिरायच्या वाटाही बारीक असतात. विचारल्याशिवाय पाय हातात घेणे, ही पहिली. पाय त्याचा आहे. तो नको म्हणाला तर त्या दिवशी नको. मोबाइल काढून फोटो घेणे, तोही देणगीदारांना पाठवायला, ही दुसरी. आणि आपल्या राज्यात स्पष्ट बोलायला हवी अशी तिसरी: धुणे चालू असताना प्रार्थना सुरू करणे. पाय घमेल्यात असलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याने मागितली तर प्रार्थना जरूर करावी, न मागता करू नये, पिशवीत पत्रके ठेवूच नयेत. घर हिंदूचे, मुसलमानाचे, बौद्धाचे की आमच्याच मंडळीतल्या माणसाचे, घमेल्यातले पाणी तेच आणि वीस मिनिटेही तीच. आमच्याकडे संशयाने पाहणाऱ्यांना आणि आमच्यातल्या अतिउत्साही मंडळींना, दोघांनाही हे सांगणे आहे.

चौथी वाट सगळ्यात गोड. रुग्ण वाट पाहू लागतो, ‘तुम्हीच या, तुमच्या हाताला बरे वाटते’ असे म्हणतो, आणि कार्यकर्ता सुखावतो. खरे तर तिथे काम बिघडायला लागलेले असते. बधिर पाय रोज पाहावा लागतो, आठवड्यातून एकदा नव्हे. म्हणून पहिल्या भेटीपासून आरसा त्याच्या हातात द्यायचा, तळवा त्यालाच पाहायला लावायचा, बोटे वाकडी असतील तर वजरीला जाड कापड गुंडाळून मूठ करून द्यायची. दिसत नसेल तर घरातल्या एकाला शिकवायचे. वस्तीत असे चार-पाच जण असले तर त्यांनी एकत्र बसून एकमेकांचे पाय तपासावेत. ते एकमेकांना जे ठणकावून सांगतात ते आम्ही सांगू शकत नाही. काही महिन्यांनी आमची गरज फक्त चप्पल झिजली की लागली, तर काम नीट झाले. धर्मग्रामाच्या वार्षिक अहवालात मात्र उलटे दिसते. भेटी कमी झाल्या म्हणजे गट थंडावला, असे धरले जाते. फादरांनी आणि पाळकांनी हा हिशेब बदलावा.

योहानाच्या त्याच तेराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र आधी पाय धुऊन घ्यायला साफ नकार देतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. वर्षानुवर्षे सेवा करणारी माणसे आजारी पडली की अशीच वागतात. कोणाला कळू देत नाहीत, दार लावून घेतात, स्वतःच्या मधुमेहाचा पाय कोणाला दाखवत नाहीत. प्रत्येक गटाने महिन्यातून एकदा आपापसांत पाय तपासावेत, गटप्रमुखाचे सगळ्यात आधी. संकोच होतो. पण ज्याला आपला तळवा दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, त्याला रुग्णाचा संकोच कसा कळावा?

संपादक महोदय, एक विनंती आहे. पुढच्या वर्षी छायाचित्र जरूर छापा, पण खाली ठरलेल्या ओळीऐवजी थोडी जागा या माहितीला द्या: अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोगाची बहुविध औषधे तिथे मोफत मिळतात, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावी लागतात. लवकर सुरू केली तर नस वाचते. या रोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९च्या कायद्यातूनही २०१९ साली काढून टाकली आहे, हेही सोबत छापले तर दडवून ठेवणारी काही घरे दार उघडतील.

आपले,
आजारी-भेट गटाचे कार्यकर्ते, वसई