राजारामपुरीतल्या झेरॉक्सवाल्या दादाला, मनापासून

दादा,

त्या दिवशी माझ्या भरून गेलेल्या फोनमध्ये जागा कशी करायची ते तू दाखवलंस, आणि दुकानातून निघताना मी 'बरं झालं बघ बाळा' एवढंच म्हणाले आणि रिक्षात बसले. तुझ्या लेखी विषय तिथंच मिटला असेल. माझ्या मनातून तो अजून जात नाही. भाकरी थापताना, मशीनवर बसल्यावर, गिऱ्हाईक समोर असतानाही तेच आठवतं आणि जीव भरून येतो. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. नाव घालू का म्हणून विचारलं तर तू 'नको काकी' म्हणालास, तेव्हा नाव राहू दे. राजारामपुरीतला झेरॉक्सवाला, एवढं पुरे.

माझ्या फोनमध्ये काय काय होतं ते तुला पुरतं माहीत नाही, कारण तू बघितलंच नाहीस. आधी ते सांगते.

मी कोल्हापुरात शाहूपुरीत ब्लाऊज शिवते. साधा, अस्तराचा, कटोरी, प्रिन्सेस कट, जो म्हणाल तो. पूर्वी सगळी मापं वहीत असायची. छाती, कंबर, उंची, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. एकेका बाईचं एकेक पान. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा घरात आली. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. कुंभार गल्लीतली माणसं गणपतीच्या मूर्ती वाचवायला धडपडत होती, आम्ही मशीन माळ्यावर चढवलं, गिऱ्हाइकांची कापडं चढवली, आणि वह्यांपर्यंत हात पोचायच्या आत पाणी कप्प्यात शिरलं. नंतर वह्या उन्हात उघडून ठेवल्या. पेनानं लिहिलेली पानं नुसती निळी झाली होती, आकडा म्हणून एक लागत नव्हता. जिथं शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं तेवढंच वाचता आलं.

तेव्हापासून माप लिहिलं की पानाचा फोटो काढायचा आणि त्या त्या बाईला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवायचा, हा माझा नेम आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा वह्यांची चिंता नव्हती. फोन पिशवीत घातला आणि पाहुण्यांकडं गेलो.

पण फोनमध्ये नुसती मापंच नाहीत. लग्न होऊन पुण्याला, सांगलीला गेलेल्या मुली अजून माझ्याकडनंच शिवून घेतात. कुरिअर पोचलं की घालून बघतात आणि फोटो पाठवतात. 'काकी, काखेत दाटतंय.' 'पाठीला चुणी पडत्या बघा.' आरशापुढं उभं राहून काढलेले फिटिंगचे फोटो. ते माझ्या भरवशावर पाठवलेले असतात. माझ्या मालकांनाही मी ते कधी दाखवलेले नाहीत.

आणि ऐन लग्नसराईत फोननं हात टेकले. जागा शिल्लक नाही, जागा शिल्लक नाही, सारखा तोच इशारा. गिऱ्हाइकानं डिझाइन पाठवलं की धूसर चौकोन आणि त्यावर बाण, चित्र काही उतरेना. कॅमेरा सुरू होईना. वरमाईचा फोन, 'गळ्याचं बघितलासा का?' आणि मी काय सांगणार.

पहिल्या दुकानात माझ्या हातातून घेतलेला फोन थेट काउंटरच्या पलीकडं गेला. 'मेमरी फुल आहे, फॉरमॅट मारावा लागंल,' एवढं बोलून त्या माणसानं गॅलरी उघडली आणि अंगठ्यानं फोटो सरकवत बसला. शेजारचा पोरगा वाकून बघायला लागला. मी काउंटरवरनं हात घालून फोन ओढून घेतला. माझे हात थरथरत होते. त्या दोघांना काहीच वाटलं नाही. 'बघितल्याशिवाय कसं कळणार काकी?' असं वर मलाच विचारलं. फॉरमॅट मारला की फोन कोरा होतो, आतलं सगळं जातं, हे सांगायचीही त्याला गरज वाटली नाही. इतक्या वर्षांची मापं त्यानं एका वाक्यात निकालात काढली होती.

दुसरीकडं फोन बघायच्या आधीच हप्त्याचा कागद पुढं आला. ३२ जीबीत आता काय होतंय, १२८ चा घ्या. आमच्या घरातल्याच एकानं सफाईचं म्हणून फुकटातलं एक ॲप घालून दिलं. लॉक उघडलं की जाहिरात, फोन ठेवला की जाहिरात, आणि होती नव्हती ती जागा त्या ॲपनंच खाल्ली.

तुझ्याकडं मी फोनसाठी आलेच नव्हते. बहिणीच्या आधार कार्डाची प्रत पाहिजे होती. तिनं पाठवलेला फोटो उतरेना, आणि तिथंच मला रडू आलं. मागं माणसं उभी, उकाडा, हातात तो फोन.

तू काउंटरच्या बाहेर आलास. बोटांना टोनरची काळी पूड लागली होती, ती पँटला पुसलीस. मी सवयीनं फोन पुढं केला. तू घेतला नाहीस. 'काकी, फोन तुमच्याच हातात ऱ्हाऊ दे. मी सांगतो तसं दाबा,' म्हणालास. आणि त्याच्याही आधी विचारलंस, 'ह्यातलं काय जाऊन चालणार न्हाई?' तोवर भेटलेल्या प्रत्येकानं काय घालवायचं ते सांगितलं होतं. मी शिवणकामाचं सांगितलं, मापांचं सांगितलं, तू ऐकून घेतलंस.

मग कॅशे म्हणजे काय ते समजावलंस. बघितलेली चित्रं, व्हिडिओचे तुकडे, पानांचे भाग असं प्रत्येक ॲप फोनवर तात्पुरतं ठेवून देतं, म्हणजे तेच परत उघडलं तर नेट न खर्च होता लगेच दिसतं. सोयीसाठी ठेवलेलंच साठत साठत फोन भरून टाकतं. ते काढलं तर ॲप पहिल्यांदा जरा सावकाश उघडेल, लागेल तेवढं पुन्हा उतरवून घेईल, बाकी काही बिघडत नाही. 'मशीनखालची कातरणं झाडता का न्हाई काकी? गिऱ्हाइकाचं कापड कपाटातच ऱ्हातंय की.' इतके दिवस पोटात असलेली भीती त्या एका वाक्यानं गेली.

शेजारी शेजारी असलेल्या त्या दोन बटणांपाशी मात्र तू मला थांबवलंस. 'कॅशे साफ करा' वेगळं आणि 'स्टोरेज साफ करा' वेगळं. काही फोनवर दुसऱ्याला 'डेटा साफ करा' म्हणतात. त्या दुसऱ्यानं ॲप नव्यानं बसवल्यासारखं होतं, आतलं साठवलेलं जातं, आपण लॉगआउट होतो. व्हॉट्सॲपवर ते दाबलं असतं आणि बॅकअप नसता, तर चॅटबरोबर मापंही गेली असती. 'ह्याला बोट लावायचं न्हाई,' असं तू पुन्हा पुन्हा बजावलंस. हे वाचणाऱ्या माझ्यासारख्या बायकांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

व्हिडिओचं ॲप, बातम्यांचं, खरेदीचं, ब्राउझर, एकेक करत मी दाबत गेले आणि मोकळ्या जागेचा आकडा डोळ्यांदेखत वाढत गेला. व्हॉट्सॲपचा भार कॅशेत नव्हता, तो ग्रुपवर आलेल्या व्हिडिओंचा होता; एकच सुप्रभात चार ग्रुपवरनं आलेलं. ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि सारख्या फॉरवर्ड झालेल्या फायली व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्येच वेगळ्या दिसतात, हे इतकी वर्षं वापरून मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

शेवटी गॅलरी उघडायची वेळ आली. तिथं सगळंच एकत्र होतं, साड्यांचे फोटो, वहीची पानं आणि त्या मुलींचे फिटिंगचे फोटो. मी काही बोलले नाही. अंगठा नुसता जागच्या जागी थांबला. तू ते ओळखलंस. 'काकी, तुम्ही निवडून घ्या, मी कागद भरतो,' म्हणालास, पाठ फिरवलीस आणि मशीनचा ट्रे ओढलास.

ट्रे भरलेलाच होता. मला तिथनं दिसत होतं. कागदाचा गठ्ठा तू बाहेर काढलास, कडा आपटून सरळ केलास, परत घातलास. मग पुन्हा काढलास. माझं होईतोवर तू मान वळवली नाहीस. खोळंबलेल्या माणसांना 'पाच मिन्टं' म्हणालास, ते पण भिंतीकडं बघूनच.

मला शिवण शिकवलेल्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं की माप घेताना नजर टेपवर ठेवायची. समोर बाई हात पसरून उभी असते, ती आपल्याला परकं मानत नाही म्हणून. ते मी आजवर पाळलं आहे. तुला कुणी शिकवलं? आईनं शिकवलं असेल, नाहीतर त्या काउंटरवर उभं राहून आलं असेल. झेरॉक्सच्या दुकानात माणसाचं काय काय उघडं पडतं! कर्जाचे कागद, कोर्टाच्या नोटिसा, दवाखान्याचे रिपोर्ट, पोरांची मार्कलिस्ट. त्या दिवशी माझ्या पुढच्या बाईंचा कसला तरी रिपोर्ट होता. तू तो काचेवर पालथा घातलास, बटण दाबलंस, घडी होती तशी घालून परत दिलास. त्यातलं अक्षर वाचलं नाहीस. तेव्हा मला ते जाणवलं नाही, घरी आल्यावर आठवलं.

पुरात मी माणुसकी बघितली आहे. तालमीची पोरं पाण्यातनं म्हाताऱ्यांना बाहेर आणत होती, खेड्यांतनं भाकरीच्या चळती येत होत्या. आपल्या कोल्हापूरचं त्यासाठी नाव झालं आणि ते व्हायलाच पाहिजे. पण पूर नाही, कॅमेरा नाही, मागं गिऱ्हाइकं ताटकळलेली, आणि ओळख ना पाळख अशा बाईची, तिनं न सांगता, लाज राखायची, ह्याचं कौतुक कोण करतं? मी करते. पहिल्या दुकानातला तो माणूस तुझ्याइतकाच हुशार असेल, बोर्ड खोलून दुरुस्त करणारा आहे तो. मला त्याच्याकडनं एवढंच पाहिजे होतं की फोन माझा आहे हे त्यानं मानावं. त्याचा राग अजून गेलेला नाही. सगळे दुकानदार तसे नसतात हे ठाऊक आहे. जे आहेत त्यांनी निदान फोनचा पडदा गिऱ्हाइकाला दिसेल असा तरी ठेवावा.

लग्नाचे सगळे ब्लाऊज वेळेवर गेले. वरमाईंच्या मागच्या गळ्याला पाहिजे होतं तेच लटकन लागलं. कॅशे परत साठतो, पण रोज झाडायची गरज नाही, इशारा आला की बघायचं, असं तू म्हणाला होतास, तसंच करते.

पैसे विचारले तर 'कशाचे? झेरॉक्सचे तेवढे द्या' म्हणालास. मी ते दिले आणि बाहेर पडले, पण तेवढ्यावर मी ऐकणार नाही. आईचा नीट बसणारा एक जुना ब्लाऊज मापाला घेऊन ये, आणि तिच्या आवडीचं कापड. अस्तर माझ्याकडचं. लग्नसराईचं काम अजून थोडं आहे, पण तू आलास तर तुझं आधी लावते. आणि हुक पुढं पाहिजेत का मागं, ते तिला विचारूनच ये.

तुझी,
शाहूपुरीतली ब्लाऊजवाली काकी