बनगरवाडीत काहीच घडत नाही?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतलं वाचकांच्या आवडत्या-नावडत्या पुस्तकांचं पान वाचलं. रविवारीच लिहायला बसले होते पण म्हटलं रागात लिहू नये, एक दिवस जाऊ दे. आज सोमवार, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, राग काही गेला नाही.

एका वाचकाने व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' कादंबरीला पाचपैकी दीड स्टार दिलेत. खाली लिहिलंय की पुस्तक फार स्लो आहे, काहीच घडत नाही, चाळीस पानं वाचून सोडून दिलं. आणि तुम्ही ते चौकट करून, ठळक टायपात छापलंत.

एखादं पुस्तक एखाद्याला आवडू नये याला माझी अजिबात हरकत नाही. मला खांडेकरांचं 'ययाति' आवडलं नाही. मराठीला पहिलं ज्ञानपीठ त्याच पुस्तकामुळे मिळालं, १९७४ चं, हे मला माहितीये, आमच्या शाळेतल्या बाई तर त्याचं नाव काढलं तरी भारावून जायच्या. तरी मला नाही आवडलं, तो राजा स्वतःच्या दुःखाबद्दल बोलत राहतो, बोलत राहतो, शर्मिष्ठा बोलायला लागली की मला बरं वाटायचं आणि परत हा यायचा. पण मी शेवटच्या पानापर्यंत गेले आणि मगच म्हटलं की आवडलं नाही. चाळीस पानांवर पुस्तक ठेवून दिलेल्या माणसाला पुढं काय घडतं आणि काय नाही हे कळलं कुठून? त्यांनी 'माझ्याच्यानं वाचवलं नाही' एवढंच लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते.

घडत नाही म्हणता? औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरगेला मास्तर पायी चालत जातो, पोरं बकऱ्यांमागं गेलेली, शाळेत यायला कोण नाही, तिथून सुरुवात करून तो माणूस माणूस जोडत जातो, सगळी वाडी मिळून तालीम बांधते, राजेसाहेब येतात. आणि मग पाऊस येत नाही. १९५५ सालचं पातळसं पुस्तक आहे हो, दोन रात्रींत संपतं.

आता मला एवढं का लागलं ते सांगते. आम्ही मूळचे सांगोला तालुक्यातले, म्हणजे माणदेशच. ७२ च्या दुष्काळात मी सहा वर्षांची होते. २००८ मध्ये माझ्या वडिलांचं, आप्पांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाचायचं बंद केलं. आप्पा गिरणीतनं रिटायर झालेले, रोज सकाळी तुमचाच पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस, दोन दिवसांत कासावीस झाले. मग मी कामावरनं आल्यावर त्यांना वाचून दाखवायला लागले. पेपर संपला की काय वाचायचं, म्हणून वाचनालयातनं 'बनगरवाडी' आणलं. ते कॉटवर बसायचे, डोळ्याला हिरवी पट्टी, मांडीवर चादर आणि वाचन चालू असताना चादरीवरच्या फुलावरनं अंगठा फिरवत राहायचे. मधेच म्हणायचे, थांब, परत वाच. बकऱ्यांचं काही आलं की हमखास परत वाचायला लावायचे.

पाऊस लांबला, माणसं आभाळाकडे बघायला लागली इथपर्यंत आम्ही आलो आणि पान उलटलं तर पुढं पुठ्ठाच! शेवटची पानं गायब. बाइंडिंग नवीन केलेलं, म्हणजे पानं नसतानाच बाइंडिंग केलेलं. आतल्या बाजूला कुणीतरी पेन्सिलने लिहिलेलं, 'शेवट नाही'. मी दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले तर काउंटरवरचे म्हणाले, एकच कॉपी आहे मॅडम, हवी तर ठेवा नाहीतर बदलून घ्या. जाता जाता हेही लिहितेच, त्या वाचनालयाने गेल्या वर्षी वर्गणी वाढवली, डिपॉझिट वाढवलं, नवीन पंखे आले, काचेची कपाटं आली, पण परवा मी मुद्दाम कपाटातनं ते पुस्तक काढून बघितलं, अजून तीच प्रत आहे, तेच बाइंडिंग, पेन्सिलची अक्षरं तेवढी पुसट झालीत. इतक्या वर्षांत किती जणांनी ते पुस्तक अर्धवट वाचून परत दिलं असेल!

तर त्या संध्याकाळी मी आप्पांना सांगितलं, शेवट नाहीये, पानं फाटलीत. ते म्हणाले, "त्यात काय वाचायचंय, वाडी उठली आसंल जगायला. दुसरं काय व्हतंय."

आणि मग त्यांनी आमचं सांगितलं. मला तोवर तुकड्या-तुकड्यांतच माहीत होतं. आधी दुष्काळी कामावर खडी फोडली दोघांनी, आईच्या तळहाताला फोड यायचे म्हणून ती चिंधी बांधून हातोडी धरायची. मिलोची, म्हणजे रेशनवर मिळायची त्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी, माझ्या घशाखाली उतरायची नाही म्हणे, पाण्यात भिजवून द्यायचे. बकरी होती ती काही मेली, बाकीची मिळेल त्या किमतीला विकली. मग सांगोल्याहून छोट्या रेल्वेनं कुर्डुवाडी आणि तिथनं मोठ्या गाडीनं सोलापूर, गिरणीत बदली कामगार म्हणून. घराला कुलूप नव्हतं. होतं काय आत चोरायला, पण मोकाट जनावर शिरू नये म्हणून आप्पांनी बाभळीची एक फांदी दारात आडवी लावली आणि निघालो. वर्षभराने ते एकटे गावाकडे जाऊन आले. म्हणाले, फांदी होती तश्शीच होती. पाला गळून गेलेला, काटे पांढरे पडलेले, पण कुणी हलवलीच नव्हती. हे सांगून झाल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत, चादरीवरचा अंगठाही थांबला होता, आणि मला त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला.

पुढं पुस्तक प्रदर्शनात मी स्वतःची प्रत घेतली आणि शेवट वाचून दाखवला. आप्पांनी पूर्ण ऐकला. "बरोबर लिवलंय," एवढंच म्हणाले. तीन वर्षांनी ते गेले. त्यांचा स्टार विचारला असता तर त्यांना कळलंही नसतं मी काय विचारायले ते.

संपादक साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे की पुस्तकाबद्दल छापताना निदान त्या माणसाने ते पूर्ण वाचलंय का हे विचारा. तुम्ही पन्नास शब्दांची अट घातली आहे, त्यात लोक काय लिहिणार? आवडलं तर 'अप्रतिम, मस्ट रीड' आणि नाही आवडलं तर 'बोअर'. त्याच पानावर शरणकुमार लिंबाळेंच्या 'अक्करमाशी' या आत्मकथनाबद्दल कुणीतरी लिहिलंय की भाषा शिवराळ आहे, घरात ठेवण्यासारखं नाही. बस, संपलं. त्याचे लेखक आपल्या अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे आहेत, सोलापूरच्या पेपरात त्या पुस्तकावर एवढंच? बापाचं नाव लावायला मिळालं नाही अशा पोराने कुठली भाषा वापरायची होती? माझ्या मुलीने ते कॉलेजात असताना वाचलं, घरातच वाचलं, टेबलावर उघडं पडलेलं असायचं. त्यावर वेगळं पत्र लिहीन, आज सुट्टी संपत आली, तीन शाळांच्या युनिफॉर्मची बिलं पडलीत.

हे पत्र छापायचं असेल तर पूर्ण छापा. आप्पांचं काढून टाकून नुसतं वाचनालयाचं ठेवणार असाल तर नाही छापलं तरी चालेल.

आणि ज्यांनी दीड स्टार दिला त्यांचा पत्ता तुमच्याकडे असेल. त्यांना माझा निरोप द्या, माझी प्रत चांगली आहे, सगळी पानं आहेत, फक्त काही ठिकाणी पेन्सिलने रेघा आहेत जिथं आप्पांनी परत वाचायला लावलं होतं. वाचायला घेऊन जा म्हणावं, परत द्यायची घाई नाही, पण परत द्या.

आपली नेहमीची वाचक,
जुळे सोलापूर
(नाव छापू नये)