विसरभोळेपणा, जर्मनची भांडी आणि ‘धातू काढणाऱ्या’ पुड्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

म्हाताऱ्या माणसाला विसर पडू लागला की ‘अंगात धातू साचलेत’ असे सांगून आठवडी बाजारात पुड्या खपवल्या जातात. सोबत दोन सल्ले फुकट: घरातली जर्मनची (ॲल्युमिनियमची) भांडी भंगारात काढा आणि आजीच्या लोहाच्या गोळ्या बंद करा. दुसरा सल्ला जास्त महागात पडतो.

अल्झायमर या विसराच्या आजारात मेंदूतल्या धातूंचा तोल जातो, हे खरेच. या आजारात मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्यांत तांबे, जस्त, लोह दाटलेले असते. त्याच मेंदूत एकूण तांबे मात्र निरोगी मेंदूपेक्षा कमी भरते. म्हणजे नको तिथे साठा, हवे तिथे तुटवडा. मोकळे लोह पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडला भिडले की रॅडिकल नावाचे जहाल कण तयार होतात आणि पेशीच्या आवरणातली चरबी जुन्या जवसाच्या तेलासारखी खवट होते. मग लोह काढूनच टाकले तर? तेही करून झाले. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारात वापरतात ते लोह काढणारे औषध, डेफेरिप्रोन, अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांना किलोमागे १५ मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा, वर्षभर दिले. २०२४ मध्ये निष्कर्ष आले: हिप्पोकॅम्पसमधले (मेंदूतल्या आठवणी जपणाऱ्या भागातले) लोह घटले, पण बुद्धी नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांपेक्षा वेगाने खालावली. डॉक्टरांच्या देखरेखीतल्या औषधाची ही गत, तिथे पुडीचे काय सांगावे!

जर्मनची भीती पसरली ती १९६५ च्या सशांवरच्या प्रयोगातून. त्यात ॲल्युमिनियम थेट मेंदूत टोचले होते. स्वयंपाकाच्या भांड्यांवर तसा दोष सिद्ध झालेला नाही. अंबाडीची भाजी, चिंचेचे सार त्यात रात्रभर ठेवू नये, एवढेच. तांब्याच्या हंड्यात पाणी चालते. ताक किंवा लिंबूपाणी ठेवले तर मळमळ, उलट्या होऊ शकतात.

खरा घोळ जस्ताच्या गोळ्यांचा आहे. कोरोनाकाळात सुरू झालेली ५० मिलीग्रॅमची गोळी काही घरांत अजून रोज चालू आहे. इतके जस्त महिनोन्‌महिने पोटात गेले की आतडे तांबे शोषत नाही. रक्त कमी होते, पायांना मुंग्या येतात, चालताना झोक जातो. घरचे म्हणतात, वय झाले.

तपासायचेच तर आधी हिमोग्लोबिन, बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासा. बी-१२ कमी पडले किंवा थायरॉइड मंदावले तरी माणूस विसरतो, आणि वेळेत उपचार मिळाले तर ते बरेचदा सुधारते. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी सोडू नका. फक्त ती चहासोबत घेऊ नका, दोन तासांचे अंतर ठेवा.

– एक औषधनिर्माता, जि. यवतमाळ