सर्वेक्षणातले कोरे रकाने

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आंबा बागायतदार, मच्छीमार, होम-स्टेवाले यांच्याकडे हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरून सर्वेक्षणाचे फॉर्म येतात. बरेच रकाने कोरे राहिले की लोकांना आस्था नाही म्हणतात आणि पुढच्या वेळी प्रत्येक प्रश्न सक्तीचा करतात. हा उपाय घातक आहे. अडलेला माणूस फॉर्म बंद करतो, नाहीतर पुढे सरकण्यासाठी ० किंवा ९९९ टाकतो. कोरा रकाना निदान दिसतो, खोटा आकडा सरासरीत मिसळून जातो.

आधी प्रत्येक प्रश्नाखालचे कोरे रकाने मोजावेत. एकच प्रश्न रिकामा आणि पुढची उत्तरे भरलेली असतील, तर तो प्रश्न चुकला आहे. एका जागेपासून शेवटपर्यंत सगळेच रिकामे असेल, तर फॉर्म लांबला आहे. गूगल फॉर्म अर्धवट सोडणाऱ्यांची तर नोंदही होत नाही.

कोकणात प्रश्न चुकतो तो बहुधा मापात. सातबारा हेक्टर-आरमध्ये, बोलणे गुंठ्यांत. उत्पादन टनांत विचारतात, बागायतदार मोजतो पेट्या. आणि पेटीही सगळ्यांची सारख्या डझनांची नसते. म्हणून आकड्याशेजारी एकक निवडू द्यावे, पेटीतले डझन वेगळे विचारावेत. हिशेब नंतर कार्यालयात करता येतो.

जुलैत, पावसाळी बंदीच्या काळात, ट्रॉलरमालकाला ‘गेल्या महिन्यातल्या फेऱ्या’ विचारल्या तर तो रकाना सोडून देतो. मग ते शून्य की राहून गेलेले उत्तर, हे कुणालाच कळत नाही. ‘लागू नाही’, ‘माहीत नाही’, ‘सांगायचे नाही’ हे तीन वेगळे पर्याय हवेत. ‘होडी आहे का?’ला ‘नाही’ म्हणणाऱ्याला होडीचे प्रश्न दिसूच नयेत. गूगल फॉर्ममध्ये ही सोय एकच पर्याय निवडायच्या प्रश्नांना आहे. उत्पन्नाचा नेमका आकडा न विचारता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे टप्पे द्यावेत आणि तो प्रश्न शेवटी ठेवावा, माहिती कोण पाहणार ते तिथेच लिहावे.

आडवे तक्ते टाळावेत. मोबाइलवर उजवीकडचे पर्याय पडद्याबाहेर जातात. फोटो जोडायला सांगितले की गूगल फॉर्म लॉग-इन मागतो आणि पुष्कळजण तिथेच थांबतात. फोटो नंतर मागवावा. उत्तर राहिल्याची एकदा आठवण करून, तरीही पुढे जाऊ देणारी सोय लाइमसर्व्हे या सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.

फॉर्म पाठवण्याआधी गावातल्या पाच-सहा जणांकडून त्यांच्याच फोनवर भरून घ्यावा. शेजारी बसावे, पण उत्तर सुचवू नये. बोट जिथे थबकेल तो प्रश्न पुन्हा लिहावा.

– एक वाचक, रत्नागिरी