गावठाणातली घरं पोरांकडून लिहून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवी मुंबईतल्या गावठाणांच्या बांधकामांच्या बातम्या पेपरात कायम असतात, अनधिकृत, क्लस्टर, एफएसआय वगैरे, पण पाडलेल्या जुन्या घरांत माणसं राहायची कशी यावर एक ओळ येत नाही, म्हणून हे पत्र.

आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ मध्ये सरकारने एक भारी काम केलं. प्राथमिक शाळेतल्या वरच्या वर्गांना निबंधाऐवजी सांगितलं, घरच्या, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. सुमारे ५ हजार शाळा, ५० हजारांवर पोरं, आणि ती पानं आज ऑनलाइन फुकट वाचता येतात. जुनी घरं हाही विषय त्यात होता. गवताने शाकारलेलं छप्पर, दगडाच्या नाहीतर मातीच्या भिंती, दलदलीतनं कापून उन्हात वाळवलेल्या ढेकळांचा जाळ, लव्हाळ्याचा गाभा चरबीत बुडवून केलेला दिवा. दरवाजा आडवा दोन भागांत, वरचा उघडा ठेवला की उजेड येतो आणि खालचा बंद म्हणून कोंबड्या आत येत नाहीत. पश्चिमेकडच्या भागात तर मुलाचं लग्न झालं की म्हातारा-म्हातारीने चुलीमागच्या खोलीत जायचं (हे सासूबाईंना वाचून दाखवलं नाही).

त्यातही सगळं छान छान होतं असं नाही. १८४१ च्या जनगणनेत तिथली साधारण ४० टक्के घरं एका खोलीची, मातीची होती, पुढे दुष्काळात ती घरं आणि त्यातली माणसं, दोन्ही गेली.

रात्री निखारे राखेत झाकायचे आणि सकाळी त्यावरच आग पेटवायची हे वाचल्यावर मात्र सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे पण तसंच, विझला विस्तव तर शेजारनं आणायचा, त्यात काय लिवायचंय. अहो तेच तर लिवायचंय! ओटी, पडवी, कणगी, सारवण, बाळंतिणीची खोली, पाहुणा आला की कोण कुठे झोपायचं. नवी मुंबईसाठी १९७० पासून ९५ गावांची जमीन गेली, त्याआधीची घरं ज्यांना नीट आठवतात ते आता सत्तरीच्या पुढे आहेत.

तर घणसोली, गोठिवली, दिवाळे, करावे इथल्या शाळांनी दिवाळीच्या सुट्टीत हा प्रोजेक्ट द्यावा, चार्टपेपरवर फोटो चिकटवून आणायचा नाही, वहीत लिहायचा, आणि वह्या रद्दीत न घालता वाचनालयात ठेवायच्या. सुरुवात आमच्या घरापासून केली तरी चालेल, फक्त सासूबाई दुपारी झोपतात तेव्हा पोरांनी चारनंतर यावं.

- एक वाचक, घणसोली