खोक्याचं डिझाइन शेवटी का?

संपादक महोदय,

मी रबाळे एमआयडीसीत पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्यात बरीच वर्षं काम करतोय, म्हणून हे लिहावंसं वाटलं. मागच्या महिन्यात भाचा इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट दाखवायला घरी आला, कॉम्प्युटरवर मिक्सरचं थ्रीडी मॉडेल एकदम झकास, प्रत्येक स्क्रू दिसतो, पण मी विचारलं की हा खोक्यात बसणार कसा तर म्हणतो मामा ते पॅकिंगवाले बघतील ना! अरे, पण पॅकिंगवाल्याच्या हातात तेव्हा उरतं काय, हँडल दोन इंच बाहेर आलं की खोका मोठा, ट्रकमध्ये नग कमी, आणि तेच हँडल पहिलं तुटतं.

साधा खोका घ्या. दोन सपाट कागदांच्या मधे नागमोडी कागद, झाला तीन प्लायचा. त्या नागमोडी नळ्या उभ्याच पाहिजेत, आडव्या ठेवल्या की थप्पीतला खालचा खोका बसलाच म्हणून समजा. वजनाचा बराचसा भार चार कोपरे घेतात, म्हणून खोक्यावर खोका कोपऱ्याला कोपरा जुळवूनच रचायचा. आणि आपल्याकडचा पावसाळा! दमट हवेत पुठ्ठा ओल धरतो, ताकद खूप कमी होते, हे जुलैत तुर्भ्याच्या गोदामात जाऊन कुणीही हाताने दाबून बघावं.

कॉलेजांनी मुलांना स्वतः बनवलेली वस्तू स्वतः पॅक करून छातीच्या उंचीवरून खाली टाकायला लावावी, आधी कोपऱ्यावर, मग कडेवर, मग सपाट. आमच्याकडे यायचं असेल तर मुलांना मशीन दाखवायला मी सुट्टीच्या दिवशीही येईन.

– एक वाचक, ऐरोली